शिकवणारा वेगळा, रेट ठरवणारा वेगळा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू माल देतेस त्या कंपनीने मार्गदर्शनासाठी निवडलेल्या लहान युनिटांत तुझं शॉप आलं, हे ऐकून आनंद झाला. कुपवाड एमआयडीसीत दोन सीएनसी आणि एक जुनी लेथ घेऊन बसलेल्या मुलीकडे एवढ्या मोठ्या कंपनीचं लक्ष जाणं सोपं नाही. फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस. ऑर्डर किती वाढेल? आणि त्यांच्या अहवालात फोटो छापायचा म्हणतात, तर छापू द्यावा का? फोटो खुशाल छापू दे. ऑर्डरचं मात्र फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

ऑर्डरची हमी अशा योजनेत नसते, आणि कुणी तोंडी दिली तरी तिच्यावर विसंबून मशीन बुक करू नकोस. तू सरकारी खरेदी धोरणाचं बोललीस. ते २०१२ चं धोरण केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी आहे. त्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची, त्यातच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून. तू दोन्हीत बसतेस, पण ही कंपनी खासगी आहे. तिथे तुला घेतलंय ते त्यांच्या मर्जीने, आणि साहेब बदलला की मर्जीही बदलते.

त्यांचा यात काय फायदा, असा संशय तुझ्या वडिलांना आलाय म्हणे. संशय रास्त आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमाने दरवर्षी बीआरएसआर नावाचा, धंदा किती जबाबदारीने केला ते सांगणारा अहवाल द्यावा लागतो. त्यात लहान उद्योगांकडून थेट किती टक्के माल घेतला, याचा एक रकाना असतो. तुझ्यामुळे तो जरा भरलेला दिसेल. शिवाय हाताशी चांगला पुरवठादार तयार झाला, तर लांबून माल आणायचा त्यांचा त्रास वाचतो. मला यात वावगं काही दिसत नाही. ज्या योजनेत कंपनीला स्वतःचा फायदा दिसत नाही, ती बजेट आवळायची वेळ आली की सगळ्यात आधी गुंडाळली जाते.

तुला उणीव कशाची आहे, ते आधी बघ. मशीन कर्जाने येतं. एससी-एसटी उद्योजकांना यंत्रसामग्रीवर २५ टक्के, जास्तीत जास्त २५ लाखांपर्यंत, भांडवली अनुदान देणारी योजना राष्ट्रीय एससी-एसटी हबखाली आहे, ती चौकशी कर. पण माहितीला कर्ज मिळत नाही. आपल्याकडे धंद्यातली निम्मी माहिती लग्नाच्या पंगतीत आणि सोयऱ्याधायऱ्यांत फिरते. कोणती कंपनी बिल लटकवते, कोणत्या पार्टला सध्या उठाव आहे, कोणता हीट ट्रीटमेंटवाला न तपासताच हार्डनेसचा रिपोर्ट देतो. ज्याचा मामा पर्चेसमध्ये आणि मेहुणा बँकेत, त्याला हे सगळं जेवताजेवता कळतं. तुझ्या घरात टर्नर झाले, फिटर झाले, पण स्वतःच्या नावाचं बिल फाडणारी तूच पहिली. दुसऱ्यांना घरात मिळतं ते तुला उघडपणे, चारचौघांत मिळावं, एवढाच या जोडीदारीचा अर्थ मी धरतो. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात सुरू केलेल्या डिक्कीतही, म्हणजे दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीत, नाव नोंदव. तुझी मैत्रीण मसाल्याचा धंदा काढतेय, तिला म्हसवडला जाऊ दे. चेतना सिन्हा यांनी १९९७ साली तिथे माणदेशी महिला बँक उभी केली आणि पुढे बायकांना हिशेब नि धंदा शिकवणारी शाळाही काढली. तिच्या कामाला ते जास्त जवळचं.

आता कंपनीकडून घ्यायचं काय? त्यांच्या हॉलमधल्या सत्रांना जा, चहा-बिस्किट खा, ओळखी कर. पण त्यांचा क्वालिटीचा माणूस एक पूर्ण शिफ्ट तुझ्या मशीनजवळ उभा राहिला पाहिजे, हा हट्ट सोडू नकोस. त्याला रिजेक्शनची पेटी उघडून दाखव.

पंपाच्या शाफ्टचंच घे. बेअरिंग सीट ३५ मिलिमीटर, टॉलरन्स के-सिक्स. म्हणजे माप ३५.००२ ते ३५.०१८ मध्ये बसायला हवं, सूट अवघी १६ मायक्रॉनची. तुझा मशीनवरचा पोरगा चकमधून जॉब काढतो, हवेच्या पाइपने चिप्स उडवतो आणि जॉब गरम असतानाच मायक्रोमीटर लावतो. ३५.००८ दिसलं की खूश होऊन क्रेटमध्ये ठेवतो. जॉब मायक्रोमीटरपेक्षा वीसेक अंशांनी गरम असेल, तर पोलादाचा तेवढा व्यास साधारण ८ मायक्रॉनने फुगलेला असतो. संध्याकाळपर्यंत जॉब निवतो, ३५.००० वर येतो आणि कंपनीच्या मापं तपासायच्या २० अंशांच्या स्टँडर्ड रूममध्ये नापास होतो. मग इकडे पोरगा म्हणतो, ‘मी बरोबर काढला होता, त्यांचं गेज खराब आहे.’ तिकडे इन्स्पेक्टर म्हणतो, ‘हे लोक मोजतच नाहीत.’ दोघंही आपापल्या जागी खरे, आणि पैसे कापल्याची डेबिट नोट तुझ्या नावावर. यावर उपाय स्वस्त आहे. जॉब निवेपर्यंत थांबायचं, आणि शाफ्टच्याच पोलादाचा एक मास्टर, म्हणजे पक्क्या मापाचा नमुना, त्याच टेबलावर ठेवून त्याच्याशी ताडून बघायचं. हे ज्याच्या हातून हजारो शाफ्ट गेलेत तो दहा मिनिटांत ओळखतो. आयएसओच्या फायली लावून देणाऱ्या सल्लागाराच्या नजरेत ते यायचं नाही. (काही शॉपमध्ये अजून ०.०२ मिलिमीटरच्या, म्हणजे २० मायक्रॉनच्या व्हर्नियरने बेअरिंग सीट मोजतात. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.)

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. शिकवणारा माणूस आणि रेट ठरवणारा माणूस एक असू देऊ नकोस. तुझी मार्गदर्शक कंपनी तुझी गिऱ्हाईकही आहे, आणि गिऱ्हाइकाला माल स्वस्त हवा असतो. समज, त्यांच्या माणसाने इन्सर्टचा, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्याचा, ग्रेड बदलायला लावला, फीड म्हणजे ते पातं पुढे सरकायचा वेग वाढवून दिला आणि सायकल टाइम ६ मिनिटांवरून साडेचारवर आला. मशीनचा तासाचा दर ४०० धरला, तर ४० रुपयांचं काम ३० रुपयांत व्हायला लागलं. पुढच्या रेट रिव्हिजनला पर्चेसवाला हसतहसत म्हणणार, ‘आमच्याच माणसाने वेळ वाचवून दिला ना मॅडम? मग दहा रुपये कमी करा.’ तू मान डोलावलीस की शिकण्याचा सगळा नफा तिकडे गेला, आणि लवकर झिजणाऱ्या इन्सर्टचा खर्च तेवढा तुझ्या डोक्यावर राहिला. असं एकदोनदा झालं की पुरवठादार शिकतो, पण भलतंच शिकतो. मी नोकरीत असताना असं एक शॉप पाहिलंय, जिथे कंपनीची गाडी गेटमधून आत आली की मशीनचा फीड ओव्हरराइड ६० वर यायचा, म्हणजे मशीन मुद्दाम हळू चालायचं. मालक सज्जन माणूस. खरा वेळ दाखवला की रेट कापला जातो, हा धडा त्याला पर्चेसनेच दिला होता.

म्हणून वाचलेल्या पैशांची वाटणी सुरुवातीलाच लिहून घे. पहिलं वर्ष पूर्ण तुझं, त्यानंतर निम्मंनिम्मं, असं माग. घासाघीस होईल, होऊ दे. निम्म्याखाली मात्र उतरू नकोस. इन्सर्टचा वाढीव खर्च वजा करूनच वाटणी, हेही त्यात घाल. शिकवायला येणाऱ्याला मशीन दाखव, मेंटेनन्सची वही दाखव, मोडलेली टूल्स दाखव. बँकेचा हप्ता आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांचे रेट दाखवू नकोस. हप्ता किती आणि कोणत्या तारखेचा हे कळलं, की तू कितीपर्यंत झुकशील तेही कळतं. कॉस्टिंग शिकायला बाहेरचा कॉस्ट अकाउंटंट गाठ. मी आहेच, पण माझ्या डोक्यातले दर जुने झालेत.

अमेरिकेत हा प्रकार जुना आहे. तिथल्या संरक्षण खात्याची अशी योजना १९९० च्या कायद्याने आली. लघुउद्योगांसाठीची जी स्वतंत्र सरकारी योजना आहे, तिच्यात करार लेखी लागतो आणि सरकारी मंजुरीही लागते. तो सहा वर्षांच्या पुढे चालत नाही, आणि मोठ्या कंपनीला धाकट्या कंपनीत ४० टक्क्यांपेक्षा जास्त हिस्सा घेता येत नाही. त्यांनी हे आकडे का घातले असतील ते उघड आहे. शिकवायला आलेला पाहुणा कधी घरमालक होईल, सांगता येत नाही. तुमच्या योजनेत असं बंधन घालणारं तिसरं कुणी नाही, तेव्हा ते तूच कागदावर आण. मुदत किती, शिकवणाऱ्याचं नाव काय, महिन्यातून किती वेळ येणार, जॉब पकडायला तू डिझाइन केलेलं फिक्श्चर कुणाचं. ‘हा पार्ट दुसऱ्या कुणाला पुरवणार नाही’ असं कलम त्यांच्या ड्रॉइंगपुरतं चालेल, तुझ्या कसबावर नको.

पैशांचं थोडक्यात. बिलावर उद्यम क्रमांक, म्हणजे लहान उद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक, छाप. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे अडकवता येत नाहीत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज. २०२३-२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली, की मुदत टळलेल्या बिलाची वजावट कंपनीला पैसे देईल त्याच वर्षी मिळते. म्हणून हल्ली मार्चमध्ये बिलं भराभर निघतात. पण कायद्याचं कलम दाखवून व्याज मागणारा पुरवठादार पुढच्या वर्षी यादीत दिसत नाही, हे तुलाही माहीत आहे. त्यापेक्षा तुझी बिलं ट्रेड्सवर, म्हणजे बिलं बँकांपुढे मांडायच्या ऑनलाइन बाजारावर, मान्य करा, अशी विनंती पहिल्याच बैठकीत कर. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहेच. कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुला पैसे मिळतात, आणि पुढे कंपनीने थकवलं तरी बँक तुझ्या दारात येत नाही.

सांगलीत बसून धंद्याचं बोलायचं तर किर्लोस्करवाडी टाळता येत नाही. १९१० साली औंध संस्थानाने कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं, म्हणून लक्ष्मणरावांचा कारखाना तिथे उभा राहिला. माळ राजाने दिला, पण लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्याला नांगर पटवायचं काम किर्लोस्करांनाच करावं लागलं. तसंच कंपनी शिकवील, पण गिऱ्हाईक तुलाच शोधायचंय. तुझ्या उलाढालीत या कंपनीचा वाटा निम्म्याच्या वर जाऊ देऊ नकोस. त्यांच्याकडे हात बसला की तेच काम घेऊन कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत चक्कर मार.

फोटोचं राहिलं. स्टेजवर बोलावतील, ‘आम्ही संधी दिली’ म्हणतील. चहाच्या वेळी कुणीतरी गोड आवाजात पूर्ण नाव विचारील, म्हणजे आडनाव. ते ठणठणीत सांग आणि लगेच शाफ्टवर ये. रिजेक्शन आधी किती होतं, आता किती आहे. तो आकडा पाठ असू दे, कारण समोरच्या खुर्चीवर बसलेल्या प्लँट हेडला तेवढाच लक्षात राहतो.

कराराचा मसुदा आला की सहीच्या आधी घेऊन ये. मोबाइलवर फोटो पाठवू नकोस, प्रिंट काढ आणि समास रुंद ठेव, मी पेन्सिलीने खुणा करतो. रविवारी सकाळी ये. त्या पोरालाही आण, आणि पेटीतले चार नापास शाफ्ट.

तुझा,
काका