फँटसी मिनिएचर वॉरगेमचं कोअर रूलबुक चांगलं आहे की नाही, हे न खेळता कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की टेबलावर मिनिएचर्सच्या, म्हणजे छोट्या पुतळ्यांच्या, सैन्यांनी लढायच्या या गेमचं रूलबुक जाडजूड आहे, चित्रं अप्रतिम आहेत, त्या जगाचा इतिहास वाचताना भान हरपतं, पण खेळ कसा असेल याचा अंदाज येत नाही. माझ्या मते चित्रं आणि इतिहास आधी बाजूला ठेवा आणि थेट चार्जचं, म्हणजे शत्रूवर धावून जाण्याच्या नियमांचं, प्रकरण उघडा. पुस्तकात दम आहे की नाही ते तिथेच कळतं.

हे ठामपणे सांगायला कारण आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राशी माझा यावरून जुना वाद आहे, आणि तो अजून मिटलेला नाही. माणूस वयाने मोठा, खेळात मुरलेला, स्वभावाने उमदा. त्याचं म्हणणं, रूलबुकाने खेळाचा रंग द्यावा, बारीकसारीक गोष्टी खेळाडू आपसात बघून घेतील. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

गेमचं नाव देत नाही. शेवटचा टर्न होता. माझे घोडेस्वार, पाच-पाचच्या दोन रांगा, अर्धा गेम खर्चून जंगलाला वळसा घालून त्याच्या भालाइतांच्या कडेला पोचले होते. फ्लँकवर, म्हणजे बाजूच्या कडेवर, चार्ज लागला तर त्याच्या मागच्या रांगांचा बोनस जाणार आणि ती फळी मोडणार, हे दोघांनाही दिसत होतं. नियम असा की ज्याच्यावर चार्ज आहे त्या युनिटच्या (एकत्र हलणाऱ्या तुकडीच्या) पुढच्या कोपऱ्यातून 45 अंशांची रेषा काढायची. चार्ज करणाऱ्याचा ‘बहुतांश भाग’ रेषेच्या ज्या बाजूला, त्या बाजूवर चार्ज. आम्ही लेझरने रेषा पाडली. चार घोडेस्वार पूर्ण फ्लँकमध्ये, चार पूर्ण पुढच्या बाजूला, आणि दोघांच्या बेसवरून (मिनिएचर ज्यावर उभं असतं त्या तळावरून) लाल रेघ गेलेली. त्या दोन्ही बेसचा मोठा हिस्सा फ्लँककडे होता. म्हणजे जागा मोजली तर फ्लँक, आणि कापलेले सोडून मिनिएचर्स मोजले तर बरोबरी. हालचालीच्या प्रकरणात शब्द होता ‘भाग’, आणि पुढच्याच पानावरच्या आकृतीखाली लिहिलं होतं ‘मिनिएचर्स’. दोन्ही वाक्यं एकाच पुस्तकातली!

मित्राने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, “फासा टाक. चार किंवा वर आलं तर तुझं.” हा तोडगा बऱ्याच रूलबुकांत छापलेलाच असतो, त्यामुळे त्याचं वागणं गैर नव्हतं. फासा त्याच्या बाजूने पडला. माझ्या बाजूने पडला असता तरी मी हेच म्हटलं असतं की अख्ख्या गेमची आखणी अशा फाशावर ठरली ज्याचा लढाईशी काडीचा संबंध नव्हता.

हाच प्रश्न किंग्ज ऑफ वॉर या गेमने कसा सोडवलाय बघा. युनिटच्या पुढच्या कडेचा मधला बिंदू म्हणजे लीडर पॉइंट. चार्जची ऑर्डर देताना तो बिंदू समोरच्या युनिटच्या ज्या बाजूत असेल, त्या बाजूवर चार्ज. फ्लँकवर हल्ले दुप्पट, पाठीमागून तिप्पट. मोजायला एकच बिंदू असल्याने वादाला जागाच उरत नाही. यात कुठला रंग उडाला, हे त्या मित्राने मला अजून सांगितलेलं नाही.

तो म्हणतो, जाड पुस्तकं माणसांना वकील बनवतात. पण पानं कमी असली की वाद कमी होतात असं नाही. 2015 मध्ये एज ऑफ सिग्मार हा गेम आला तेव्हा मूळ नियम चार पानांचे होते आणि फुकट होते, पण पॉइंट्सच (प्रत्येक युनिटची ताकद सांगणारे आकडे) नव्हते. दोन सैन्यं तुल्यबळ आहेत की नाहीत हे टेबलावरच ठरवायला लागायचं. 2016 मध्ये पॉइंट्स द्यावे लागलेच. मित्र ज्याला मोकळीक म्हणतो, ते लेखकाने खेळाडूंच्या गळ्यात मारलेलं काम असतं.

तेव्हा तुम्ही एवढं करून बघा. चार्ज, फ्लँक आणि पळणाऱ्या युनिटचा पाठलाग, या तीन ठिकाणी कागदावर चौकोन काढून मुद्दाम अडचणीची मांडणी करा आणि पुस्तकाला उत्तर विचारा. उत्तर एकाच जागी, एकाच शब्दांत मिळालं पाहिजे. मागची सूची तपासा. ‘चार्ज’ शोधताना चार पानं उलटावी लागत असतील तर गेमच्या ऐन मध्यात जीव जाईल.

फाशांचा हिशोबही करा. समजा चार्जचं अंतर म्हणजे मूव्ह (युनिट एरवी जितके इंच चालतं ते) अधिक दोन फासे. मूव्ह 4 असेल तर 11 इंचांवरच्या शत्रूसाठी 7 किंवा जास्त हवेत, म्हणजे 36 पैकी 21 शक्यता. 13 इंचांवर 9 हवेत, म्हणजे 36 पैकी फक्त 10. दोनच इंचांनी एवढा फरक पडतो, म्हणून चार्ज फसला तर काय होतं ते नीट वाचा. फसल्यावर युनिट अडचणीत येत असेल तर तिथे खरा निर्णय आहे. काहीच बिघडत नसेल तर सगळे दर टर्नला चार्ज ठोकत बसतील.

आर्मी लिस्टचा, म्हणजे वेगवेगळ्या सैन्यांच्या याद्यांचा, समतोल मात्र वाचून कळत नाही, त्याबद्दल मी काही सांगणार नाही. आणि हो, तुम्ही घरच्यांबरोबर गोष्ट रंगवत कॅम्पेन, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या लढायांची मालिका, खेळणार असाल, कोण जिंकलं याला महत्त्व नसेल, तर माझे निकष जास्तच कडक आहेत. तिथे मित्राला आवडतं तसलं पुस्तकही चालेल. पण अनोळखी माणसासमोर किंवा टूर्नामेंटमध्ये मांडणार असाल तर घेण्याआधी त्या रूलबुकाचं एफएक्यू, म्हणजे नियमांवरच्या शंकांचे खुलासे, वाचा. खुलाशांची यादी लांब आहे म्हणून घाबरू नका. चार्जच्याच नियमाचा खुलासा पुन्हा पुन्हा बदललेला दिसला, तर ते पुस्तक घेऊ नका.