प्रश्नोत्तरे : अभ्यास चलांचा की दृष्टिकोनांचा?

प्रश्न : सेमी-इंग्रजीबद्दल ३२ शिक्षकांची मतं अभ्यासायची आहेत. गाईड म्हणतात, एवढ्याशा नमुन्यावर फॅक्टर अ‍ॅनालिसिस (सहसंबंधांवरून एकत्र जाणाऱ्या गोष्टींचे गट, म्हणजे 'फॅक्टर' शोधणं) होत नाही.

उत्तर : नेहमीच्या 'आर' पद्धतीपुरतं त्यांचं बरोबर आहे. तिथे चलांचे, म्हणजे प्रश्नावलीतल्या एकेका प्रश्नाच्या उत्तरांचे, आपसातले सहसंबंध काढतात, त्यामुळे माणसं भरपूर लागतात. मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टीफन्सन यांनी १९३५ मध्ये 'नेचर'ला पाठवलेल्या पत्रात सुचवलं, की सहसंबंध माणसामाणसांत काढा. ही 'क्यू' पद्धत. इथे नमुना विधानांचा, म्हणून ३२ शिक्षक पुरतात. फक्त सगळे एकाच शाळेतले घेऊ नका.

प्रश्न : माझ्याकडे लिकर्ट प्रश्नावलीची (प्रत्येक विधानाला 'सहमत' ते 'असहमत' असं उत्तर) माहिती तयार आहे. एक्सेलमध्ये ट्रान्सपोज केली, म्हणजे ओळींचे रकाने केले, की क्यू झालं ना?

उत्तर : नाही झालं. मानसशास्त्रज्ञ सिरिल बर्ट यांचा कल आर आणि क्यू म्हणजे एकच तक्ता उभा-आडवा वाचणं, असं पाहण्याकडे होता. १९३९ मध्ये त्यांनी आणि स्टीफन्सननी चक्क एकत्र लेख लिहून आपले मतभेद मांडले. मी स्टीफन्सनच्या बाजूचा. लिकर्टमध्ये प्रत्येक विधान सुटं असतं. भिडस्त माणूस सगळीकडे 'सहमत'वर टिक करून मोकळा होतो. क्यूमध्ये समजा एकेका विधानाची ३६ कार्डं आहेत, तर ती -४ (सर्वांत असहमत) ते +४ (सर्वांत सहमत) अशा नऊ रकान्यांत २, ३, ५, ५, ६, ५, ५, ३, २ अशी बसवायची. +४ला जागा दोनच. 'सेमी नसेल तर पालक मुलं काढून नेतात' आणि 'मुलांना गणितापेक्षा गणिताची भाषाच अडते' ही दोन तिथे ठेवून झाली, की तिसरं कार्ड हातात घेऊन शिक्षक थबकतात, मग आधीचं एक उचलून +३ला सरकवतात. तिथेच 'का?' विचारा, ते उत्तर पुढे फॅक्टरचा अर्थ लावताना कामी येतं.

तुमची माहिती वाया मात्र जात नाही. उत्तरं देणाऱ्यांचे गट पाडायचे असतील तर क्लस्टर अ‍ॅनालिसिस करा, आणि प्रबंधात त्याला क्लस्टरच म्हणा.

प्रश्न : लोडिंग (एकेका शिक्षकाची मांडणी त्या फॅक्टरशी किती जुळते, तो आकडा) किती असलं की धरायचं?

उत्तर : २.५८ भागिले विधानांच्या संख्येचं वर्गमूळ. ३६ विधानांना ०.४३. ही एक टक्का सार्थकता पातळी, म्हणजे एवढं लोडिंग निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी.

प्रश्न : '४० टक्के शिक्षक पहिल्या फॅक्टरमध्ये आहेत' असं लिहू का?

उत्तर : लिहू नका, व्हायव्हात पहिला प्रश्न यावरच येईल. असा दृष्टिकोन आहे, एवढंच क्यू सांगते. तो किती जणांचा, हे तिच्या आवाक्याबाहेरचं. टक्केवारी हवीच असेल तर त्या फॅक्टरमधली ठळक विधानं घेऊन छोटी प्रश्नावली करा आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांचा यादृच्छिक नमुना काढून ती भरून घ्या.