खाण तशी माती?

"मॅडम, हे रक्तात असतं का हो?"

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न मला वर्षातून पाच-सात वेळा तरी ऐकायला मिळतो. कोणाचा नवरा दारूत गेलेला असतो, कोणाचा भाऊ आत जाऊन आलेला असतो, कोणाचे सासरे जुगारात शेत घालवून बसलेले असतात, आणि आता मुलगा मोठा झालाय, उलट बोलतो, उशिरा येतो, म्हणजे हा पण त्याच वाटेने जाणार का, अशी भीती. परवा परत एका आईने हेच विचारलं म्हणून मागच्या वर्षीची एक केस लिहितेय. त्या केसमधल्या आई आणि मुलाला विचारलंय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

ताई घणसोलीच्या. पोळीभाजी केंद्र चालवतात, मूळ पाटणकडच्या. सकाळचे डबे पोचवून ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याला, तिथून चालत नौपाड्यात माझ्याकडे. मुलाला आणलं नव्हतं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत त्याचं कॉलेजचं प्रोजेक्ट होतं. लॅबचा रिपोर्ट डॉक्टरसमोर ठेवावा तसं त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, वाचा.

विषय होता 'समाजातील गुन्हेगारीची कारणे'. स्पायरल बाइंडिंग, पहिल्या पानावर रंगीत हातकड्यांचं चित्र. आतली दहा-बारा पानं नेटवरून उचललेली, हे कोणीही सांगेल. गरिबी, बेरोजगारी, अशिक्षितपणा, व्यसन, वाईट संगत, मोबाईल, प्रत्येकाखाली चार-चार ओळी. मी विचारलं, ताई यात काय घाबरण्यासारखं आहे? तर म्हणाल्या मागचं पान बघा.

मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने लिहिलं होतं, सबमिट करायच्या आधी खोडायचं असेल बहुतेक. "गरिबी कारण असेल तर आमची अख्खी चाळ आत पाहिजे. शिक्षण नाही म्हणून गुन्हा होतो तर आजीला सही पण येत नाही, तिने कोणाचा रुपया घेतला नाही. लोभ. लोभ किती रुपयांपासून सुरू होतो? वडील." या 'वडील' शब्दाखाली दोन रेघा. आणि खाली, "मग माझं काय?"

खरं सांगते, गेल्या काही वर्षांत कॉलेजच्या मुलाने लिहिलेलं इतकं प्रामाणिक काही मी वाचलं नव्हतं. पण ताईंना ते कबुलीजबाबासारखं वाटत होतं. त्यातून दोन दिवसांपूर्वी धुवायला टाकलेल्या जीन्समध्ये पाचशेच्या सहा नोटा निघालेल्या, कुठून आल्या तर उत्तर नाही. जाऊबाई आधीच बोलून गेलेल्या, "खाण तशी माती."

ही म्हण ज्याने कोणी काढली त्याला माझ्या केबिनमध्ये एक दिवस बसवायला पाहिजे.

झालेलं असं की मुलगा नऊ वर्षांचा असताना वडिलांना अटक झाली. एका गोडाऊनमध्ये कामाला होते, माल परस्पर बाहेर विकला अशी केस. सात महिने ठाण्याच्या जेलमध्ये. हे जेल म्हणजे जुना किल्ला, पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतलेला, इंग्रजांनी नंतर त्याचा तुरुंग केला. ताई मुलाला घेऊन वडिलांच्या भेटीला यायच्या, तासन्‌तास रांगेत, मग बाहेर वडापाव. मुलाच्या डोक्यात ठाणे म्हणजे ती भिंत आणि तो वडापाव एवढंच राहिलेलं. जामीन झाल्यावर वडील गावी गेले ते तिकडचेच झाले, सणावाराला फोन.

तेव्हापासून ताईंनी मुलावर जी नजर ठेवली ती आजतागायत. दप्तर तपासणं, मोबाईल तपासणं, तोंडाचा वास घेणं, लोकेशन चालू पाहिजे. आणि एक गोष्ट त्यांनी अगदी सहज, जाता जाता सांगितली. रोज रात्री गल्ला मोजायच्या वेळी त्या त्याला म्हणायच्या, जरा बाहेर थांब रे. का? "सवय लागू नये म्हणून." नऊ वर्षं हे पोरगं रोज रात्री दहा मिनिटं बाहेर कट्ट्यावर उभं राहतंय, आतमध्ये आई पैसे मोजतेय.

दोन दिवसांनी तो आला. आणि मी माती खाल्ली. इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर सुद्धा माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला तर ते तीन हजार कुठले. झालं, पोरगं गप्प. वीस मिनिटं पंख्याकडे बघत बसला. मग मी सॉरी म्हटलं, प्रोजेक्ट पुढे ओढलं आणि विचारलं की मागचं पान मला आवडलं, पण एक सांग, पप्पांच्या केसचा निकाल काय लागला?

त्याला माहीत नव्हतं. म्हणजे निकाल लागलेलाच नव्हता, केस अजून चालू आहे, तारखा पडतायत. मी म्हटलं मग तू त्यांना गुन्हेगार कशावरून म्हणतोस, ते तेव्हा कच्चे कैदी होते. हा शब्दच त्याने ऐकला नव्हता. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमध्ये साधारण तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे आत आहेत पण गुन्हा सिद्ध झालेला नाही, हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघायला लागला. वडिलांनी काही केलंच नाही असं मी त्याला अजिबात सांगितलं नाही, मला काय माहीत. पण जे कोर्टाने अजून ठरवलं नाही ते याने नवव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं, आणि नुसतं वडिलांबद्दल नाही, स्वतःबद्दल पण.

मग त्याने विचारलं, मॅम पण खरंच रक्तात नसतं का?

मी त्याला थोडं मागचं सांगितलं. 1876 मध्ये लोम्ब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरने पुस्तक काढलं की गुन्हेगार जन्मतःच गुन्हेगार असतो, कवटी आणि जबडा बघून ओळखता येतो. तेव्हा लोकांना ते फार शास्त्रीय वाटलं, पुढे ते टिकलं नाही. आपल्याकडे तर इंग्रजांनी त्याच्याही आधी, 1871 ला कायदाच केला, काही जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवून टाकल्या, पोर जन्मलं की शिक्का तयार. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. पण कुठे चोरी झाली की आजही पहिलं पारध्याच्या पालावर कोण जातं हे याला घणसोलीत राहून पण माहीत होतं. तो म्हणाला, म्हणजे आई माझ्याशी तसंच करते. मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही.

दुसरी बाजू पण सांगितली, कारण खोटा दिलासा द्यायला मला आवडत नाही. लंडनमध्ये 1961 पासून 411 मुलांचा अभ्यास झालाय, आठ-नऊ वर्षांच्या वयापासून अनेक दशकं त्यांच्या मागावर होते ते लोक. ज्यांच्या वडिलांना शिक्षा झालेली त्यातली जास्त मुलं पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढली, हे खरं आहे. पण त्याच्यासोबत घरची चणचण, घरात मारझोड नाहीतर साफ दुर्लक्ष, शाळेत मागे पडणं, तडकाफडकी वागायचा स्वभाव, हे सगळं एकात एक गुंतलेलं होतं. रक्त वेगळं काढून दाखवता येत नाही. शिवाय वय. अशा गोष्टींचा आलेख पंधरा-सोळाला चढायला लागतो, विशीच्या आसपास सगळ्यात वर जातो आणि नंतर उतरतो. बहुतेक पोरं त्यातून आपोआप बाहेर येतात, फक्त त्या वेळेत कायमचं काही होऊन बसायला नको.

हे कायमचं होऊन बसणं म्हटल्यावर तो एकदम बोलायला लागला.

टर्फवर, म्हणजे तासावर भाड्याने मिळणाऱ्या मैदानावर, खेळायला येणारा एक 'भाऊ'. वय तीसच्या आत, बुलेट, सगळ्यांना थम्स अप पाजणारा. याला जुलैमध्ये अठरा पूर्ण झाली, बँकेत खातं झालं, आणि सप्टेंबरमध्ये भाऊ म्हणाला तुझं किट दे, महिनाभर वापरतो, पाच हजार देतो, बिझनेसचं टॅक्सचं काम आहे. किट म्हणजे पासबुक, एटीएम कार्ड, नेटबँकिंगचा पासवर्ड आणि खात्याला जोडलेलं सिमकार्ड. तीन हजार आधी, दोन नंतर. याने दिलं. चार दिवस झाले होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, याला म्यूल अकाउंट म्हणतात. कोणाला तरी डिजिटल अरेस्टची, म्हणजे व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस बनून अटकेची, भीती घालून नाहीतर शेअर मार्केटच्या नावाने लुबाडलं की ते पैसे अशा पोरांच्या खात्यात येतात आणि काही मिनिटांत पुढच्या खात्यात जातात. पोलीस मागे यायला लागले की आधी सापडतो तो खातेदार, भाऊ नाही. आणि नुकतीच अठरा झालेली पोरं का धरतात तर खातं पूर्णपणे स्वतःच्या सहीने चालतं. वर बाल न्याय कायद्याचं छत्र अठरापर्यंतच, म्हणजे याच्या डोक्यावरून ते दोन महिन्यांपूर्वीच गेलेलं.

मी विचारलं पैशाची गरज होती का? तर नाही. फी भरलेली होती, खायला-प्यायला व्यवस्थित. मग का दिलंस? तो बराच वेळ टेबलाच्या कडेचं सनमाइका नखाने उचकटत होता (ते अजून तसंच आहे, मी चिकटवलं नाही). मग म्हणाला, "भाऊ बोलला, बाकी कोणाला नाही विचारलं, तुझ्यावर विश्वास आहे."

आता त्याच्या प्रोजेक्टमध्ये हे कारण कुठे होतं सांगा. गरिबी, बेरोजगारी, मोबाईल, सगळं होतं, हे नव्हतं. आपण कारणांच्या याद्या करतो त्या नेहमी दुसऱ्यांसाठी असतात, तिकडच्या वस्तीतल्या लोकांसाठी. प्रत्यक्षात जे घडतं ते इतकं बारीक असतं, कोणीतरी बरोबर वेळेला बरोबर शब्द वापरतो. भाऊने अशी पोरं शंभर हाताळली असतील, त्याला बरोबर कळलं की या मुलाकडे काय कमी आहे. मला राग त्याचा आलाच, पण हे त्या माणसाला टर्फवर दोन महिन्यांत कळलं आणि घरात नऊ वर्षांत नाही, याचाही आला.

पुढचं पटपट सांगते. निर्णय त्याचा होता, तो सज्ञान आहे, मी त्याच्या वतीने कोणाला फोन करणार नव्हते. पण तिथेच बसून त्याने कस्टमर केअरला फोन करून कार्ड आणि नेटबँकिंग बंद केलं, सिम बंद केलं. मग आईला बोलावलं आणि त्याने स्वतः सांगितलं. मला वाटलं ताई हात उचलतील, पण त्या नुसत्या खाली बसल्या, खुर्ची होती तरी जमिनीवर. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वकिलांना विचारून बँकेत लेखी अर्ज दिला, कॉपीवर शिक्का घेतला, पोलीस स्टेशनला भाऊच्या चॅटसकट जबाब दिला, ते तीन हजार पण तिथेच दाखवले. चॅट डिलीट करू नका हे मी प्रत्येकाला सांगते, घाबरून पोरं आधी तेच करतात. आणि तुमचेच पैसे कोणी लुबाडले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडकवण्याची शक्यता जास्त.

तरी उशीर झालाच होता थोडा. त्या चार दिवसांत खात्यात दोन एन्ट्र्या येऊन गेलेल्या. खातं फ्रीज झालं, दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचा फोन आला, वकिलांमार्फत उत्तर गेलं. प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही, पण स्वतःहून आधी अर्ज दिलाय याचा आधार आहे असं वकील म्हणतात. भाऊ टर्फवर दिसत नाही म्हणे.

आईबरोबर मला जास्त वेळ लागला. चार-पाच सेशन. त्यांना वाटत होतं आता तर सिद्धच झालं, खाण तशी माती. मी म्हटलं ताई, नजर ठेवू नका असं मी म्हणत नाही, अठरा वर्षांच्या मुलाच्या आईने विचारपूस करायलाच पाहिजे, कुठे जातोस, कोणाबरोबर, पैसे कुठले. पण विचारणं वेगळं आणि आधीच ठरवून झडती घेणं वेगळं. आणि एवढी नऊ वर्षं झडती घेऊन किट गेलं ते गेलंच ना. त्या म्हणाल्या, मग करू काय? मी म्हटलं, गल्ला.

आठ दिवस काही कळवलं नाही. मग एका रात्री साडेनऊला फोन. "मॅडम, आज त्याला मोजायला दिला." मी म्हटलं छान. "चाळीस रुपये कमी भरले."

मी विचारलं, मग?

"मी काय बोलले नाही. तोच दोन वेळा परत मोजत बसला. माझ्या मात्र पोटात गोळा आलाय, झोप काय लागायची नाही आज."

मी म्हटलं नका झोपू, पण उद्या पण त्यालाच द्या. देतायत. प्रोजेक्टला वीसपैकी बारा मिळाले, सरांनी लाल पेनाने लिहिलंय 'कारणे अपुरी', मागचं पान त्याने शेवटी जोडलंच नव्हतं. चाळीस रुपयांचा हिशोब काही अजून लागलेला नाही.