कातळावर न सरकणारी, पिशवीत मावणारी अलाइनमेंट चौकट

गोल्फच्या सरावात पाय आणि चेंडूची दिशा लक्ष्याशी जुळवायला दोन समांतर काठ्यांची चौकट जमिनीवर मांडतात. एकाने इथे विचारलेली अडचण अशी: २० मिमीच्या कंड्युटचे (वायरिंगच्या प्लास्टिक नळीचे) दोन पाइप, मधोमध एक आडवी पट्टी, विंग नट. हे सगळं रत्नागिरीच्या सड्यावर (कातळी पठारावर) मांडलं की खुंटी कातळात जात नाही, चौकट हलते, आणि सात नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने, म्हणजे गोल्फच्या दांड्याने) मारलेला चेंडू उजवीकडे जातो की चौकटच वाकडी आहे, ते कळत नाही.

खुंटीचं नंतर बघू. मूळ दोष सांध्यात आहे. मधल्या एकाच पट्टीवर पाइप टेकतो तेव्हा त्याची दिशा त्या सांध्याची पाच-सहा सेंटिमीटरची पकड ठरवते. ६० मिमीच्या पकडीत १ मिमी खेळ म्हणजे जवळजवळ एक अंश, आणि १५० मीटरवर एक अंश म्हणजे अडीच मीटरच्या वर. असे सांधे दोन, आणि दोन्ही आपापल्या मर्जीने फिरणार. विंग नट कितीही आवळा, प्लास्टिक दबतं आणि दुपारपर्यंत सैल होतं.

म्हणून मधली पट्टी काढून दोन्ही टोकांना एकेक आडवी नळी घ्या. दोन्ही नळ्यांवर भोकांमधलं अंतर सारखं असेल, तर चौकट तिरकी झाली तरी लांब काठ्या एकमेकींना समांतरच राहतात. चौकोन कलला तर समांतरभुज होतो, एवढंच. ८ मिमीच्या काठीला ८.५ मिमीचं भोक ठेवलं आणि नळ्या १०५ सेंमी अंतरावर असल्या, तर सगळा खेळ वाईटात वाईट धरूनही १५० मीटरवर फार तर १५ सेंमीचा फरक पडतो. तेवढ्याने आपला शॉट बिघडत नाही.

सामान असं. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून २५ × २५ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी नळी, १.२ मिमी जाडीची, ६५ सेंमीचे दोन तुकडे. ८ मिमीचा भरीव फायबरग्लास रॉड, ५८ सेंमीचे चार तुकडे. आतून ८ मिमी आणि बाहेरून १० मिमी असलेल्या पितळी नळीचे १२ सेंमीचे दोन तुकडे. सायकलची जुनी ट्यूब, नळीच्या टोकांना चार प्लास्टिकच्या टोप्या, आणि दोन रिकाम्या कापडी पिशव्या. एकूण वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं.

पितळी नळी एका रॉडवर ६ सेंमी चढवून अ‍ॅराल्डाइटने पक्की करा, दुसरा रॉड उरलेल्या ६ सेंमीत नुसता सरकवायचा. घट्ट गेला तर पॉलिश पेपर मारा, नळी फाकवू नका. मधल्या जोडाला एखादा मिलिमीटर बाक आला तरी काळजी नको, कारण दिशा टोकांची भोकं ठरवतात. रॉड कापण्याआधी त्या जागी मास्किंग टेप गुंडाळा, नाहीतर तंतू फुटतात. हॅक्सॉ वापरा, नाकावर मास्क हवा, आणि कापलेल्या तोंडाला अ‍ॅराल्डाइटचा हात द्या. ते कुसळ बोटात गेलं की दिसतही नाही आणि निघतही नाही.

भोकं पाडताना दोन्ही नळ्या एकमेकींना चिकटवून शिकंज्यात धरा आणि चारही भिंतींतून एकदम ड्रिल मारा. उभ्या ड्रिलवरच, हातातलं ड्रिल चौथ्या भिंतीपर्यंत भरकटतं. पहिलं भोक टोकापासून २.५ सेंमीवर, ते पायांच्या काठीचं (बोटांसमोर ठेवायची ती). तिथून ३० सेंमीपासून ६० सेंमीपर्यंत दर ५ सेंमीला एक. सगळी मिळून आठ. नंतर दोन्ही नळ्यांच्या त्याच टोकाला, त्याच बाजूला रंगाची खूण करा, म्हणजे जुळणी उलटी होणार नाही.

आता दुसरी काठी कुठे? बाजारी पद्धतीत ती चेंडूच्या पलीकडे असते. कातळावर ते नको. चुकलेला शॉट काठीवर आपटून कुठेही उडतो. काठी चेंडूच्या अलीकडे, आपल्या बाजूला साधारण १५ सेंमीवर ठेवा. सात नंबरसाठी बोटांपासून चेंडू ५५ सेंमी धरला तर काठी ४० सेंमीच्या भोकात, ड्रायव्हरसाठी (सगळ्यात लांब क्लब) ५५ किंवा ६०. हे अंतर उंचीप्रमाणे बदलतं, आकड्याला चिकटून बसू नका. या काठीवर एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ते काळं फोम चढवा. क्लब मागे नेताना फारच आत ओढला तर तो फोमला लागतो आणि चूक लगेच कळते.

खुंटीऐवजी नळीच्या दोन्ही टोकांना ट्यूबची पट्टी गुंडाळा, ती कातळ धरते. भोकाबाहेर काठीवर ट्यूबचीच चकती चढवली की काठी सरकत नाही. वारा सुटला की कापडी पिशवीत तिथलीच माती किंवा वाळू भरून नळीवर ठेवायची, घरून वजन न्यायचं कारण नाही. आणि जिथे कातळशिल्पं आहेत त्या सड्यावर चौकट मांडूच नका, क्लब तर नाहीच नाही. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, ओरखडा उठला तर तो कायमचा. कुठल्याही सड्यावर मॅट जाड हवी आणि चेंडू पोकळ प्लास्टिकचे, गुरं चरत असतात.

या रचनेत एकही स्क्रू नाही, ते मुद्दाम. खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियममध्ये बसवलेला लोखंडी किंवा स्टीलचा स्क्रू भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम खातो, आणि एका पावसाळ्यात पांढरी भुकटी धरून अडकतो. वाळूत वापर झाला की गोड्या पाण्याने धुवा. कंड्युट पुन्हा घेऊ नका, बंद गाडीत उन्हाला टेकवून ठेवला की त्याचा धनुष्यबाण होतो. माणगा किंवा चिवा बांबू स्वस्त, पण पेऱ्यापेऱ्याला थोडा वळलेला असतोच.

जुळल्यावर गवंड्यासारखे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, म्हणजे आडव्या नळीवरून चेंडूची जागाही ताडता येते. मग चेंडूमागे दोन-तीन मीटरवर बसा आणि चेंडूजवळच्या काठीच्या दोन टोकांवरचे रंगीत टेप लक्ष्याशी एका रेषेत आणा. उभं राहून बाजूने कधीच लावू नका. पायांची काठी लक्ष्याच्या किंचित डावीकडे बघते (डावखुऱ्याला उजवीकडे). १५० मीटरवर तो फरक पाव अंशही नाही, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खांदे मात्र तपासा. एखादा क्लब छातीवर आडवा धरा, तो पायांच्या काठीला समांतर दिसला पाहिजे.

चौकट, पाय, खांदे सगळं बरोबर असून चेंडू उजवीकडेच निघत असेल, तर दोष क्लबफेसचा (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूचा). चेंडू सुटण्याची दिशा मुख्यतः आघाताच्या क्षणी फेस कुठे बघतोय त्यावर ठरते, ती ही चौकट सुधारणार नाही. क्लबवरची पकड बघा, डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाच्या किती गाठी वरून दिसतात ते मोजा आणि फोटोसह इथे टाका.

खारघरला सिडकोच्या कोर्सवर गेलात तर सामन्यात ही चौकट काढू नका. २०१९ च्या नियमांपासून दिशेसाठी वस्तू ठेवून स्टान्स घेतला (मारायला पाय रोवून उभे राहिलात), तर मारण्याआधी ती उचलली तरी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळतात तेव्हा) दोन फटक्यांचा दंड लागतो.