नडगीचं दुखणं अंगावर काढू नकोस

मुंबई मॅरेथॉनच्या सरावात नडगी दुखतेय म्हणालास ना, तर आधी एक कर. खुर्चीत बस, पाय मांडीवर घे आणि अंगठ्याने नडगीची आतली कड घोट्यापासून वर दाबत जा. वीतभर लांबीत सगळीकडे ठणकत असेल, तर बहुतेक तो शिन स्प्लिंट, म्हणजे धावण्याच्या ताणाने नडगीच्या हाडालगत होणारं दुखणं. अंतर एकदम वाढवलं की नवख्यांना हमखास होतो. पण रुपयाएवढ्या एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल किंवा रात्री पडल्या पडल्याही दुखत असेल, तर धावणं आजच थांबव आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखव. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि ती पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. मी तिथेच फसलो. एक्स-रे साफ आला म्हणून गोळी घेऊन २४ किलोमीटर धावलो, आणि पुढे दोन महिने कुबड्या. गोळी घेऊन धावू नकोस रे, कळकळीने सांगतोय.

शिन स्प्लिंटच निघाला, तर दोनेक आठवडे सायकल चालव किंवा पोह, दम टिकून राहतो. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर-खाली कर, १५ वेळा, तीनदा. दुखलं तर थांब. अर्धा तास भरभर चालून काही झालं नाही, की मग एक मिनिट धाव, एक मिनिट चाल.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ दमलेल्या पायांनी चढायचा असतो, तो अर्धवट बऱ्या नडगीवर नको. यंदा पूर्ण मॅरेथॉनऐवजी २१ किलोमीटरची अर्धी धावलास तरी चालेल. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.