साडेतीन लाखांत डिझेल गाडी घेताना

प्रिय दोस्ता,
अनेक आशीर्वाद.

पिंपरीहून रांजणगावला रोज जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर आणि महिन्यातून एकदा कोल्हापूर. असं रनिंग असेल तर साडेतीन लाखांत जुनी डिझेल गाडी घ्यायचा तुझा विचार बरोबर आहे. हिशेब एकदा करूनच टाकू. पेट्रोल 104 रुपये, गाडी लिटरला 15 देते. डिझेल 91 रुपये, गाडी 20 देते असं धर. किलोमीटरमागे साधारण दोन रुपये चाळीस पैसे वाचतात. महिन्याला अडीच हजार किलोमीटर झाले तर सहा हजारांच्या आसपास. हेच रनिंग महिना आठशेच्या खाली असतं, किंवा रोज चार किलोमीटरचं ऑफिस असतं, तर मी तुला डोळे झाकून पेट्रोल घ्यायला सांगितलं असतं. थंड इंजिनावर छोट्या फेऱ्या मारणं डिझेलला मानवत नाही. ईजीआरमध्ये, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या झडपेत, काजळी साचते, आणि प्रदूषणाच्या बीएस 6 मानकाची गाडी असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो.

जुन्या डिझेल गाडीत खिसा रिकामा करणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात: इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे), त्यांना डिझेल पुरवणारा हाय प्रेशर पंप, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), क्लच-फ्लायव्हील (क्लचला लागून फिरणारी जड चकती) आणि टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी चेन किंवा बेल्ट). साडेतीन लाखांच्या बजेटमध्ये यांतलं एक काम निघालं तरी तीन-चार महिन्यांची बचत जाते. म्हणून रंग, अलॉय व्हील, टचस्क्रीन यांच्याकडे बघूच नकोस. आणि साडेतीन लाख असतील तर गाडी तीन लाखांपर्यंतचीच बघ. उरलेले पन्नास हजार पहिल्या महिन्यातल्या कामांसाठी बाजूला ठेव.

कोणती गाडी? स्विफ्ट, डिझायर, रिट्झ यांतलं 1248 सीसीचं डीडीआयएस इंजिन हे फियाटचं 1.3 मल्टीजेट. टाटाच्या व्हिस्टा, मांझा, झेस्टमध्ये आणि फियाटच्या पुंटो, लिनियामध्येही तेच. तुझ्या रांजणगावातल्या फियाटच्या कारखान्यातही ते बनत होतं. मारुतीने एप्रिल 2020 मध्ये डिझेल बंद केलं, पण रस्त्यावर या गाड्या इतक्या आहेत की पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतो आणि काम येणारा मिस्त्रीही. 2000 आरपीएमच्या खाली पिकअप मंद असतो, तो त्या इंजिनाचा स्वभावच आहे. टोयोटा इटिऑसचं 1.4 डिझेल आणखी साधं आणि टिकाऊ, मात्र त्यात टॅक्सीला चाललेल्या गाड्या बऱ्याच. ह्युंदाई आय20 चं 1.4 सीआरडीआय चालवायला गोड आहे. या तिन्हींत टायमिंग चेन आहे.

डस्टर, पोलो-व्हेंटो, फोर्डची 1.5 टीडीसीआय यांत टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट वाईट नसतो, पण त्याला आयुष्य असतं, किलोमीटरमध्येही आणि वर्षांमध्येही. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. बेल्ट, त्याचा ताण राखणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलल्याचं बिल मालकाकडे नसेल तर ते काम बाकी आहे असं समजून किमतीतून वजा कर. चेन असलेल्या गाडीतही निश्चिंत राहू नकोस. चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ज्याने दहा हजार किलोमीटरला बदलायचं ऑइल वीस हजारांवर बदललं, त्याच्या गाडीची चेन सकाळच्या पहिल्या स्टार्टला काही सेकंद खडखडते. ती खडखड ऐकलीस तर पुढे बोलू नकोस.

म्हणूनच गाडी बघायला सकाळी जा आणि आदल्या दिवशी मालकाला सांग, मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटला हात लाव. गरम लागलं तर कारण विचार, आणि शक्य झाल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. गरम डिझेल इंजिन आपली निम्मी दुखणी लपवतं. गार असतानाच कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडून बघ. आत तेलकट तवंग किंवा गंजाचं तांबडं पाणी नको. ऑइलची पट्टी काढ. डिझेलचं ऑइल काळंच असतं, त्याला घाबरू नकोस. पण पातळी वरच्या खुणेच्या पुढे असेल आणि वासाला डिझेल येत असेल, तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय.

आता चावी फक्त ऑन कर, स्टार्ट करू नकोस. चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस हे दिवे लागले पाहिजेत आणि नंतर आपापल्या वेळी विझले पाहिजेत. एखादा दिवा लागलाच नाही तर तो जाणूनबुजून बंद केलेला असू शकतो. लागून राहण्यापेक्षा हे वाईट.

स्टार्ट करताना एकाला मागे धुराकडे उभं कर. थंडीत पांढरट धूर क्षणभर आला आणि गेला तर हरकत नाही. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर आणि उभ्या गाडीत अडखळणारं इंजिन म्हणजे ग्लो प्लग (गार इंजिन तापवणारी कांडी) किंवा इंजेक्टर बिघडलाय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. दाबून रेस दिल्यावर काळ्या धुराचा एखादा झोत जुन्या डिझेलमध्ये येतो, पण सतत काळा धूर आला तर एअर फिल्टरपासून ईजीआर, टर्बोच्या पायपापर्यंत सगळं तपासावं लागतं. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून बघ. थोडी वाफ चालते. झाकण उडवेल असा दाब आणि फुसफुस धूर येत असेल तर रिंग-पिस्टन गेलेत, ती गाडी सोड.

इंजेक्टरसाठी ओळखीच्या मिस्त्रीला पाचशे-हजार रुपये देऊन सोबत ने आणि रिटर्न टेस्ट करायला सांग. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे जादा डिझेल परत जातं त्या तोंडाला, सलाईनसारखी नळी आणि एकसारखी बाटली लावतात आणि इंजिन काही मिनिटं आयडलला चालवतात. चारही बाटल्यांत डिझेल जवळपास सारखं जमायला हवं. एक बाटली दुपटीने भरली, तर तो इंजेक्टर झिजलाय. नवा इंजेक्टर पाच आकड्यांत जातो, म्हणून ही टेस्ट करू न देणाऱ्याची गाडी घ्यायची नाही. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर दिसला तर तिथला वॉशर गळतोय. तो वेळेत बदलला तर स्वस्त. फार दिवस तसाच राहिला तर इंजेक्टर हेडमध्ये असा चिकटतो की काढताना घाम फुटतो.

मिस्त्रीकडे स्कॅनर असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे नुसते कोड बघून थांबू नका. बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ दिसतं. तिथे दहा-बारा किलोमीटर दिसले, तर तू यायच्या आधी कोणीतरी कोड पुसलेत.

चालवून बघायला किमान वीस किलोमीटर घे, त्यात चढ आणि हायवे दोन्ही हवेत. तिसऱ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमवरून पूर्ण दाब. दोन हजारांच्या आसपास ओढ यायला हवी. ओढ न येता सायरनसारखी शीळ वाढत गेली तर टर्बो किंवा इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप बघावा लागेल. चौथ्या गिअरमध्ये चाळीसला पूर्ण दाब दे. आरपीएम उडाले आणि वेग जागेवरच राहिला तर क्लच घसरतोय. इंजिन बंद करताना जोरात खडखडून हादरा बसला तर इंजिन माउंट तरी गेलंय, नाहीतर ड्युअल मास फ्लायव्हील (हादरे शोषणारं दोन भागांचं फ्लायव्हील), आणि ते महागडं असतं.

मीटरवर विश्वास ठेवू नकोस. गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मालकासोबत जा आणि तारीखवार किलोमीटर बघ. दीड लाख किलोमीटर चाललेली, प्रत्येक दहा हजारांना ऑइल बदलल्याची नोंद असलेली डिझेल गाडी मी साठ हजारांच्या बिननोंदीच्या गाडीपेक्षा केव्हाही पसंत करीन. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सगळ्या काचांवरचं साल जुळतंय का बघ. एकच काच वेगळी असेल तर त्या बाजूने काय झालं ते विचार. फेंडर आणि बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर तिथे पाना लागलाय.

आपल्याकडे आणखी एक धोका पुराचा. 2019 ला कोल्हापूर-सांगली आणि जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हा पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठेही विकल्या जाऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढ. रीळजवळच्या पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर गाडी पाण्यात होती. सीटखालचे रूळ, स्टेपनीचा खड्डा, कार्पेटखालची वायर हेही बघ. कोकणातल्या आणि मुंबईच्या किनाऱ्यावरच्या गाडीला खालून गंज हमखास शोध, विशेषतः दारांखालच्या पत्र्याला.

स्वस्त दिल्ली पासिंगच्या मोहात पडू नकोस. 2015 च्या राष्ट्रीय हरित लवादाच्या (एनजीटी) आदेशापासून तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर टांगती तलवार आहे, म्हणून गाड्या पडत्या भावात निघतात. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या चकरा धरल्या की स्वस्ताई उरत नाही.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर नोंदणी कधी संपते ते बघ. खासगी गाडीला पंधरा वर्षं. पुढे नूतनीकरण आणि हरित कर. म्हणून 2015 ते 2017 मधली शोध. आरसीवर एचपी, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. विक्रीसाठी फॉर्म 29 आणि 30. ई-चलन बाकी आहेत का ते तपास. गाडी आधी टॅक्सी होती का हेही. इसार म्हणून पाच-दहा हजारांच्या वर देऊ नकोस, आणि दिलेस ते लिहून, सही घेऊन दे. चौदा दिवसांच्या आत विमा तुझ्या नावावर करायला अर्ज कर. मालकाचा नो-क्लेम बोनस तुला मिळत नाही, तेव्हा विम्याचा खर्च वाढीव धर.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदल. आधीच्या मालकाने कालच बदललंय असं सांगितलं तरी. डिझेल फिल्टर मूळ कंपनीचाच घाल, कारण पाणी आणि कचरा तिथेच अडतो, नाहीतर थेट इंजेक्टरला जातो. ऑइलची ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत बघून घे, दुकानदाराला विचारून नको.

एखादी गाडी मनात भरली तर सर्व्हिसच्या नोंदीचा आणि आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो इसार देण्याआधी मला पाठव.

कळावे.