चर्चमध्ये पहिल्यांदाच शास्त्रवाचन करायचं आहे, तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की या रविवारी उपासनेत स्तोत्र २३ वाचायला सांगितलंय, पुढच्या महिन्यात तरुण संघाच्या रविवारी छोटा उपदेशही द्यायचा आहे, आणि पुलपीटवर (वाचनाच्या-उपदेशाच्या उंच जागी) उभं राहिल्यावर घशाला कोरड पडते. कोरडीचा उपाय सोपा आहे, पाणी जवळ ठेवा. बाकीचं काम मात्र घरीच उरकावं लागतं, आणि तेही मोठ्याने.

आमच्या मंडळीत वाचकांच्या पाळ्या लावायचं आणि नव्या मुलांचं वाचन आधी ऐकून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. 'पाळकसाहेब नंतर समजावून सांगतीलच, आपण फक्त वाचून उतरायचं' असं पुष्कळांना वाटतं. मला हे मुळीच पटत नाही. कुठे थांबायचं आणि कशावर जोर द्यायचा हे वाचणारा ठरवतो, म्हणजे अर्थ त्याने आधीच लावलेला असतो. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा ग्रंथपट वाचला तो प्रसंग (लूक ४) बघा. परमेश्वराच्या प्रसादाच्या वर्षापाशी तो थांबला आणि पट गुंडाळून सेवकाला दिला. यशया ६१ उघडलंत तर दिसेल की तिथे वाक्य संपलेलं नाही, लगेच पुढे सूड घेण्याचा दिवस आहे. तो त्याने त्या दिवशी वाचला नाही. उपदेशाचा एक शब्दही उच्चारण्याआधी निम्मं सांगून झालं होतं.

आता तुमचं स्तोत्र. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. श्वास संपत आला की आपला आवाज खाली बसतो आणि नेमका तो 'नाही' गिळला जातो. मागच्या बाकावरच्या आजींना ऐकू येतं, "मला काही उणे पडणार." हसू नका, दर महिन्याला कुणीतरी हे करतंच. 'आहे'पाशी श्वास घ्या, म्हणजे तो 'नाही'पर्यंत पुरेल. चौथ्या ओवीतल्या (बायबलातल्या आकडा घातलेल्या वचनाला आपण ओवी म्हणतो) 'भिणार नाही'चंही हेच.

त्याच चौथ्या ओवीत आणखी एक जागा आहे, आणि माझ्या मते सगळं स्तोत्र तिथे वळतं. पहिल्या तीन ओव्यांत दावीद, म्हणजे ज्याच्या नावावर हे स्तोत्र आहे तो राजा, देवाला 'तो' म्हणतो. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. मग मृत्यूच्या छायेची दरी येते आणि 'तो'चा एकदम 'तू' होतो: तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना देवाविषयी बोलणारा माणूस दरीत उतरल्यावर देवाशी बोलायला लागतो. सहाव्या ओवीत परमेश्वराच्या घराचा उल्लेख येतो तेव्हा तो पुन्हा इतरांना सांगू लागलेला असतो. हे तुमच्या ध्यानात असेल तर आवाजात वेगळं काही करावं लागत नाही. त्या 'तू'च्या आधी क्षणभर थांबा, बास. गळा भरून आणू नका, हात पसरू नका. पुलपीटवरचं नाटक मंडळीला लगेच कळतं, आणि मग लोक स्तोत्र सोडून तुमच्याकडेच बघत बसतात.

या स्तोत्राची एक अडचण आहे. ते सगळ्यांना पाठ आहे. रविवारच्या शाळेत घोकलेलं, प्रत्येक अंत्यविधीला ऐकलेलं. तुमच्या तोंडूनही ते त्याच पाढ्यांच्या चालीवर येईल. म्हणून पाठ असलं तरी बायबलात बघूनच वाचा, आणि तुम्हाला बरं वाटतं त्याहून थोडं हळू वाचा. चर्च जुनं दगडी असेल तर आणखी हळू, कारण तिथे आवाज घुमतो आणि मागच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते.

ओव्यांच्या आकड्यांवर थांबू नका. नव्या कराराला आज आपण वापरतो ते ओव्यांचे आकडे रोबेर एस्तिएन नावाच्या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली. नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात ३ ते १४ या ओव्या मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहेत! मराठीत भाषांतरकारांनी ते तोडून आपल्यावर उपकार केले आहेत, तरी असा उतारा हाती आला तर पेन्सिलीने श्वासाच्या खुणा करून ठेवा.

नावांची भीती पुढे कधीतरी लागेलच. पेन्टेकॉस्टच्या रविवारी प्रेषितांची कृत्ये अध्याय २ वाचणाऱ्याला पार्थी, मेदी, एलामी, कप्पदुकिया, फ्रुगिया अशी रांग पार करावी लागते. प्रत्येक नाव आदल्या दिवशी मोठ्याने म्हणा. जक्कय आणि जब्दी यांतला 'ज' जमिनीतला, जेवणातला नव्हे. ऐन वेळी अडखळलात तर माफी मागत बसू नका, पुढे चला. खात्री नसलेलं नावसुद्धा ठामपणे उच्चारलं की खपून जातं, हे माझं प्रामाणिक मत आहे.

मोबाईलवरून वाचावं का? मी वाचू देत नाही. मध्येच फोन आला तर काय होतं ते सांगायला नको.

आता उपदेश. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, जमलेल्या लोकांना अर्थ समजावून देतात. क्रम बघा, आधी वाचन, मग अर्थ. तुम्हीही निवडलेला उतारा आठवडाभर रोज मोठ्याने वाचा आणि जिथे तुम्हालाच प्रश्न पडतो तिथून उपदेश सुरू करा. इंटरनेटवरचा तयार उपदेश घेऊ नका. तो उचललेला आहे हे पहिल्या दोन वाक्यांत कळतं.

एकाच ओवीला धरून राहा. आपल्याकडे याचा चांगला वस्तुपाठ कीर्तनात आहे. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती कीर्तनं होत आली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळकही कीर्तनं करत. कीर्तनकार गोष्टी कितीही सांगो, फिरून त्याच पदावर येतो. नवा उपदेशक मात्र उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत संदर्भ देत सुटतो, लोक पानं उलटत राहतात आणि शेवटी कुणाच्याच हाती काही लागत नाही.

वेळेचं म्हणाल तर पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये धर्मगुरूंना दहा मिनिटांची मर्यादा सांगितली होती. २०२४ मध्ये ती आठवर आणली, कारण त्यापुढे लोकांना झोप लागते असं ते म्हणाले. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत आठ मिनिटांत प्रस्तावनाही संपत नाही, ते सोडा. पण पहिल्या उपदेशाला आठ मिनिटं पुष्कळ झाली. त्रोवस नावाच्या गावी पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख नावाचा तरुण झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. त्याला उठवायला तिथे पौल होता. तुमच्या मंडळीत कोण आहे?

उपदेश पूर्ण लिहून काढा, पण पुलपीटवर मुद्द्यांचा एकच कागद न्या. शेवटचं वाक्य मात्र शब्दशः लिहिलेलं असू द्या. नवखा माणूस सुरुवातीला फारसा अडत नाही, शेवटी अडतो. थांबायचं कुठे ते कळत नाही आणि 'म्हणून प्रियांनो' तीन वेळा येतं. ते वाक्य म्हणून झालं की प्रार्थना करा आणि खाली उतरा.

दारात लोक हात मिळवून "छान बोललात" म्हणतील. चौथ्या शतकात अंत्युखिया शहरात योहान ख्रिसोस्तोम हा नावाजलेला उपदेशक उपदेश करी तेव्हा लोक चर्चमध्येच टाळ्या वाजवत. टाळ्या वाजवू नका, असं त्याने उपदेशातच बजावलं होतं. तुम्ही आपलं "धन्यवाद" म्हणा, आणि घरच्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला विचारा की कोणती ओवी लक्षात राहिली.